तहहयात शिबिरार्थी

कथालेखनाचे शिबिर मे महिन्याच्या सुटीत भरो वा नाताळात, व्याख्याता नामांकित असो वा अगदीच नवखा, सभागृहातील दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची ज्या गृहस्थाने वहिवाटीच्या हक्काने आपलीशी केलेली असते, त्यास मी तहहयात शिबिरार्थी म्हणतो. पहिली रांग नवोदितांची आणि शेवटची, ज्यांना मध्येच उठून जायचे त्यांची; हा मुरब्बी इसम वरचा पंखा आणि मागचे चहाचे टेबल या दोहोंचा हिशेब करून जागा मुक्रर करतो. खांद्यावर शबनम आणि तीत करकरीत नवी वही, कारण जुन्या वहीत मागल्या शिबिराची टिपणे असतात आणि कथेचा श्रीगणेशा कोऱ्या वहीतच व्हावयास हवा, असा त्याचा दंडक आहे.

ना. सी. फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून, लेखनाचे तंत्र अभ्यासाने साध्य होते असा दिलासा दिला, त्याचा लाभ याच्याइतक्या निष्ठेने क्वचितच कोणी घेतला असेल. कथाबीज, पात्रनिर्मिती, निवेदनाचा दृष्टिकोन यांवर त्याचा असा अधिकार, की व्याख्याता अडखळला तर पुढचा मुद्दा हाच सुचवतो. “आपल्याला स्फूर्ती कोठून मिळते?” हा प्रश्नही ठरलेला, आणि “लिहावयास बसलो की मिळते,” असे त्रासिक उत्तर आले, तर तेही तो तारखेनिशी उतरवून घेतो.

त्याला स्फूर्ती होत नाही, असा आरोप मात्र कोणी करू नये. होते, आणि समारोपाच्या भाषणात डोळे पाणावण्याइतकी होते; फक्त घरी पोहोचेपर्यंत तिची मुदत संपलेली असते, आणि दिवाळी अंकांची निमंत्रणे निघू लागतात तेव्हा हा पुढल्या शिबिराची चौकशी करीत असतो.

त्याच्या प्रतिभेचा खरा विलास पाहावयाचा तर अभिप्रायाच्या पत्रकात पाहावा. संयोजकांनी सोडलेल्या चार ओळी त्यास कोठून पुरणार? समास भरतो, पाठची बाजू भरते, आणि प्रारंभ, संघर्ष, उत्कर्षबिंदू असे सारे तंत्र त्या मजकुरात बरहुकूम उतरते. संयोजक खूश होऊन त्यातला उतारा पुढील वर्षीच्या माहितीपत्रकात छापतात. आणि तेच कात्रण नव्या प्रवेश-अर्जास जोडून, ‘प्रकाशित साहित्य’ या रकान्यात हा गृहस्थ सुवाच्य अक्षरात लिहितो : ‘सोबत जोडले आहे.’