बुश जागा सोडत नाही

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्याला लोक शौकीन म्हणतात. मिशिगनमध्ये बाळगणाऱ्याला काय म्हणतात, ते माझी बायको सांगेल. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे १९९२ ची माझदा मिआटा खालून पाहिली तर गाडी कमी आणि गंज जास्त.

ही गाडी १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात अवतरली, ती चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन घेऊन. ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात प्रत्येक चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म आणि त्यांच्या मुळाशी रबरी बुश. एकात एक दोन पोलादी नळ्या, मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर आणि आतल्या नळीतून आरपार बोल्ट. तीस वर्षांनी रबर तडकतं. मग ब्रेक मारला की गाडी आपल्या मनाने दिशा ठरवते आणि खड्ड्यात खालून ‘खट्’ असं मत नोंदवते.

गंमत अशी, की ज्या रबराला चाक जागेवर धरवत नव्हतं, ते काढायला जावं तर स्वतः जागचं हलत नाही. गिरगावातला पागडीचा भाडेकरूच! भाडं नाममात्र, डागडुजीचं नाव नाही, पण खोली सोडणार नाही.

मागच्या खालच्या आर्मचे लांब बोल्ट तर आतल्या नळीशी गंजून एकजीव होतात. पान्याला पाइप लावून जोर केला की बोल्ट फिरतो. आपण हरखतो. मग कळतं, नळीही फिरतेय, रबर नुसतं पिळतंय. हात सोडला की बोल्ट परत पूर्वपदावर. तेल फवारा, रात्रभर मुरू द्या, हातोडी चालवा, शेवटी करवतच.

आर्म सुटला की बुश दाबून बाहेर काढायचा. प्रेस नसेल तर आट्यांची लांब सळई, एका बाजूला बुशहून किंचित लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला रुंद पाइप, आणि नट आवळत राहायचं. बऱ्याचदा रबर निघतं, बाहेरची नळी तिथेच राहते. ती आतून कापायची, आर्मला ओरखडा न काढता. रबर जाळूनही काढता येतं. मी अंगणात जाळलं, तर शेजारीण येऊन अदबीने विचारून गेली, आज तुमचा सण आहे का?

पुण्याहून बाबा व्हिडिओ कॉलवर. “अरे, नाना पेठेत नेऊन टाक! आमच्या पद्मिनीलाही पुढे विशबोनच होते. मी कधी हात काळे केले नाहीत.”

“बाबा, गाडीच्या किमतीपेक्षा जहाजाचं भाडं जास्त होईल,” बायको म्हणाली. तिचा हिशेब चोख असतो.

नवे बुश पॉलियुरेथेनचेही मिळतात. टिकतात, पण ग्रीस कमी पडलं की कुरकुरतात. घरात तेवढी कुरकुर पुरे, म्हणून मी रबरच घेतलं.

तुम्ही या फंदात पडलातच, तर एवढं करा. गाडी जॅकवर असताना बोल्ट पक्के आवळू नका. चाकं जमिनीला टेकू द्या, गाडीचं वजन येऊ द्या, मग आवळा. नाहीतर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नंतर अलाइनमेंट करून घ्या. त्याचे पैसे मात्र खुशाल गॅरेजवाल्याला द्या.