चार नट तं हायेत!

भंडारा जिल्ह्यात आधी कारखाने आले आणि पुढे त्यांतून निवृत्त माणसं बाहेर पडू लागली. जवाहरनगरचा दारूगोळ्याचा कारखाना साठच्या दशकातला, गडेगावचा अशोक लेलँडचा 1982 चा, वरठीचा पोलादाचा त्यानंतरचा. माणूस यांपैकी कुठल्या फाटकातून निवृत्त झाला, हे ओळखायला त्याचा बिल्ला पाहावा लागत नाही. जवाहरनगरचा असेल तर दिवाळीत फुलबाजीसुद्धा हात लांब करून, मान वळवून पेटवतो. वरठीचा असेल तर शेजाऱ्यानं बसवलेलं नवं फाटक बोटानं वाजवून पाहतो आणि “माल कमी हाये” असा निकाल देतो. गडेगावचा असेल तर खोलतो. काय खोलायचं, हे त्याला नंतर ठरवता येतं.

आमच्या भंडाऱ्यातल्या खात रोडवरच्या कॉलनीतले काकाजी गडेगावचे. सगळी कॉलनी त्यांना काकाजीच म्हणते. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर छापून येतं. कंपनीच्या काळातली खाकी पँट, वर बनियन, खिशात पेचकस आणि कुठल्याही यंत्राकडे पाहायची एकच नजर: हे उघडतं कुठून? पंखा, मिक्सर, बोअरची मोटर, नातवाची रिमोटवाली जीप, डास मारायची बॅट यांपैकी एकही वस्तू बंद पडली म्हणून त्यांच्या हाती गेलेली नाही. सगळ्या चालू असतानाच गेल्या. आपण तक्रार सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांचा पहिला स्क्रू निघालेला असतो. आणि त्यांचं ठरलेलं वाक्य येतं: “काय मोठी गोष्ट हाये जी? चार नट तं हायेत!”

हा चारचा आकडा मोजून काढलेला नाही. पंख्याला चार, गीझरला चार, पिठाच्या गिरणीलाही चारच. वस्तू पुन्हा जोडल्यावर एकदोन नट हमखास उरतात. ते एका बरणीत जातात. ती बरणी आता भरत आली आहे. “कंपनीवाले जास्तीचेच लावतेत,” असं काकाजींचं त्यावरचं म्हणणं, आणि आयुष्य कंपनीत काढलेल्या माणसाशी यावर वाद कोण घालणार?

तर यंदा दिवाळी झाल्यावर त्यांच्या जुन्या, तीन सिलिंडरच्या पेट्रोल गाडीनं तोंड उघडलं. सकाळी पहिल्यांदा चावी फिरवली की इंजिनाच्या कडेनं खडखड व्हायची आणि गाडी तापली की थांबायची. चौकातल्या गॅरेजमधल्या पोरानं बॉनेटही न उघडता कान दिला आणि सांगितलं, “टायमिंग चेन हाये काकाजी. गाडी ठेवून जा.”

“गाडी ठेवून जा” हे शब्द काकाजींना सहन होत नाहीत. आपली वस्तू आपल्यामागे दुसऱ्यानं उघडावी, हा त्यांच्या लेखी घरफोडीचाच प्रकार. तडक घरी आले आणि काकूंना म्हणाले, “जिंदगी गेली माह्यी कंपनीत. हे पोट्टं मले शिकवते! सायकलीची चेन असते तशी चेन. चार नट तं हायेत!”

आता, मोटारीतली ही साखळी सायकलीच्या साखळीसारखी दिसते एवढंच खरं. ती खालच्या क्रँकशाफ्टला वरच्या कॅमशाफ्टशी बांधून ठेवते. क्रँकनं दोन फेरे मारले की कॅमनं एकच मारायचा आणि व्हॉल्व्हांनी त्याच हिशोबानं उघडायचं, मिटायचं. साखळी एखादा दात चुकली की इंजिन कुरकुरतं. जास्त चुकली तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह अजून खालीच असतो. मग व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, आणि गॅरेजवाला जो आकडा सांगतो तो ऐकून माणूस मनातल्या मनात धानाची पोती मोजू लागतो.

ही साखळी रबरी पट्ट्यासारखी ठरावीक किलोमीटरला बदलायची नसते. तेल वेळेवर बदललं तर ती बहुधा इंजिनाला जन्मभर पुरते. तेल जुनं झालं, कमी झालं, की कड्यांच्या पिना झिजतात, साखळी लांबते आणि तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर तिला ताणून धरू शकत नाही. सकाळची खडखड ती हीच. म्हणजे दुखण्याचं मूळ तेलात होतं. पण तेल बदलणं हे काम काकाजींच्या गणतीतच बसत नाही. त्यात खोलायला एकच नट असतो.

नागपूरहून साखळी, गाइड, टेन्शनर, दातेरी चक्रं असा अख्खा संच आला. सोबत गोटी पान्यांची नवी पेटी, पुली ओढायचं पुलर आणि ठरावीक जोरानं नट आवळायचा टॉर्क पाना आला. हा शेवटचा पाना काकाजींनी शोकेसमध्ये ठेवला. “हाताले समजते ना किती आवळाचं ते,” हे त्याचं कारण.

काकूंचा विरोध यंत्राला नव्हता, मुहूर्ताला होता. त्यांचं माहेर लाखांदूरकडचं. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते: दुपारी दंडारीचं लोकनाट्य, घरोघरी पाहुणे, आणि रात्री वडसा गावच्या नाटक मंडळींचं नाटक, जे पहाटेशिवाय संपत नाही. माहेरची मंडई चुकवणं म्हणजे भावजयीला वर्षभराचा विषय पुरवणं. काकू एवढंच म्हणाल्या, “गाडी चालू हाये ते हाये. मंडई होऊन जाऊ द्या, मंग खोला.”

“सांजपर्यंत जोडून देतो,” काकाजी म्हणाले. कुठली सांज, ते त्यांनी सांगितलं नाही.

अंगणात गाडी जॅकवर चढली. उजवं चाक निघालं, तेल पातेल्यात उतरलं, पट्टे सुटले, टॅपेट कव्हर आलं, खालचं चेंबर आलं. इंजिनाचं माउंटिंग सोडायच्या आधी चेंबरखाली फळी, फळीखाली दुसरा जॅक, ही तयारी काकाजींनी न विचारता, न सांगता केली. मग पुढचं कव्हर. त्याचे बोल्ट निघू लागले आणि चारच्या आकड्याची शान गेली. कुणी लांब, कुणी आखूड, कुणी जाड. पण काकाजी कच्चे नव्हते. एका पुठ्ठ्यावर त्यांनी कव्हराचं चित्र काढलं आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवला. बरणीत जाणारे नट पंख्याचे असतात, इंजिनाचे नसतात, हा भेद त्यांना कळत होता.

भंडाऱ्यात कुणाच्या घरी लग्न असेल तर आमंत्रण लागतं. बॉनेट उघडं असेल तर लागत नाही. खुर्च्या आल्या, चहा आला, कुणाचा तरी साळा आला जो म्हणे नागपूरला शोरूममध्ये होता. तो तिथं हिशोब लिहायचा हे नंतर कळलं. धानाच्या मळणीचे दिवस, हवेत भुसा उडतच होता. उघड्या इंजिनावर काकूंची जुनी साडी पांघरली गेली. मुलगा नागपूरला कॉम्प्युटरचा इंजिनिअर. त्याला खास बोलावलं होतं, बत्ती धरायला. बत्ती धरणाऱ्याच्या नशिबी यश नसतं. अंधार झाला तर “तिकडं काय पायतं बे?” आणि उजेड डोळ्यावर आला तर “मले आंधळा करतं का?”

दहा नंबरची गोटी हरवली. ती शोधायला सगळी कॉलनी लागली, आणि अखेर ज्यांनी सगळ्यांना कामाला लावलं त्यांच्याच खिशात ती निघाली. सांज झाली. काकू पिशवी घेऊन मुलासह लाखांदूरच्या एसटीत बसल्या. जाताना काही बोलल्या नाहीत. बत्ती मात्र त्यांनी शेजारी म्हणून माझ्या हातात दिली.

आणि मग जे पाहिलं ते सांगायलाच हवं. नवी साखळी हातात आल्यावर काकाजींची बडबड थांबली. तिच्या काही कड्या वेगळ्या रंगाच्या असतात. त्या कॅमच्या चक्रांवरच्या आणि क्रँकच्या चक्रावरच्या खुणांवर तंतोतंत बसवायच्या असतात. एकीकडे जमवावं तर दुसरीकडे दात सरकतो. काकाजींनी घाई केली नाही. चिंधीनं चक्राची खूण पुसली, चष्मा पुसला, साखळी चढवली, पाहिलं, उतरवली, पुन्हा चढवली. गाइड बसले. टेन्शनर बसला. कव्हराच्या कडेला सिलिकॉनची सरळ, एकसारखी रेघ त्यांनी ओढली, आणि ती ओढताना त्यांचा हात जराही हलला नाही.

कव्हर उचलायच्या वेळीच गॅरेजचं ते पोट्टं दुकान बंद करून घरी चाललेलं. सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीवर टेकवून त्यानं मान वाकवली.

“काकाजी, टेन्शनरची पिन काहाडली का जी?”

नवा टेन्शनर येतो तो दाबून, पिनेनं अडकवून. जागेवर बसवला की पिन ओढायची, तेव्हा तो साखळीला ताणतो. पिन तशीच राहिली की साखळी ढिली, आणि ढिली साखळी दात सोडते. अंगणात शांतता पसरली. शोरूमवाला साळा चहाच्या कपात पाहू लागला. काकाजींनी हात आत घातला, पिन ओढली, टेन्शनर टक्कन पुढे आला, आणि त्यांनी पोराकडे न पाहता म्हटलं, “तेच तं करून राह्यलो होतो.”

पोरगा हसला नाही. “हव जी,” म्हणाला, आणि थांबला. क्रँकला पाना लावून दोन फेरे हातानं फिरवून पाहिले, कुठं अडलं नाही, ते दोघांनी मिळून. दुसऱ्या दिवशी सिलिकॉन वाळल्यावर नवं तेल गेलं आणि गाडी सुरू झाली. खडखड नाही. मंडई आणि नाटक तोवर संपलं होतं.

काकूंनी आल्यावर हिशोब मांडला: पेटी, पुलर, टॉर्क पाना आणि चहा धरून गॅरेजच्या मजुरीपेक्षा खर्च जास्त. हिशोब बिनचूक होता. पण काकाजींनी हे पैशासाठी केलंच नव्हतं. गडेगावात ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. उभी नोकरी काकाजी एकाच जागी उभे राहिले. अर्धवट वस्तू समोर यायची, ते आपलं काम करायचे आणि वस्तू पुढच्या माणसाकडे जायची. त्यांचा हात लागलेले गिअरबॉक्स देशभर फिरले असतील, पण ते फिरताना काकाजींनी पाहिले ते हायवेवर, एसटीच्या खिडकीतून, ट्रकच्या पोटाखाली. एखादी वस्तू आपणच उघडावी, आपणच मिटावी आणि ती आपल्यासमोर चालू व्हावी, हे त्यांना नोकरीनं कधी दिलं नाही. ते आता पंख्यापासून इंजिनापर्यंत वसूल करणं चाललं आहे. ही माणसं हट्टी असतात, उधळी असतात, मुहूर्त पाहत नाहीत. पण बंद पडलं की फेकून द्या म्हणणाऱ्यांपेक्षा ती मला शहाणी वाटतात.

तुमच्या गल्लीतही असा एक काकाजी असेलच. त्याला पाना द्या, चहा द्या, वेळ पडली तर बत्ती धरा. एखादं गॅरेजचं पोरगंही ओळखीचं ठेवा. आपल्या गाडीचं तेल मात्र वेळेवर बदलत राहा, म्हणजे ती त्याच्या अंगणात न्यायची पाळी येणार नाही.