पाणी कुठे मुरतं?

पाणी वरून खाली येतं आणि तक्रार खालून वर जाते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत या दोघांची गाठ स्लॅबमध्ये पडते आणि दोन्ही तिथेच मुरतात.

आमची डोंबिवलीतली इमारत १९८८ची, तळमजला अधिक चार. तिच्यातली गळती लोकलपेक्षा वक्तशीर आहे. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. १२ तारखेला चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये पंख्याच्या हुकातून पहिला थेंब पडतो. जुलैत बादली, ऑगस्टात टब. कमिटीला विचारावं तर उत्तर तयार असतं, "पावसात काम होत नाही हो, जरा उघडीप होऊ दे." वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून आम्ही ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घेतो. बाहेर पाऊस कोसळत असतो. ओल्या छत्र्या कोपऱ्यात ठेवून सभा एकमताने ठराव करते की यंदा गच्चीचं काम काढायचंच, तीन कोटेशनं मागवायची. पुढे ८ ऑक्टोबरच्या सुमारास पाऊस मुंबई सोडतो आणि जाताना ते एकमत सोबत घेऊन जातो. दिवाळीला पोपडे खरवडून वर रंग मारला जातो. जानेवारीत पहिलं कोटेशन येतं, मार्चमध्ये दुसरं. तिसरं सेक्रेटरींच्या मेव्हण्याचं निघाल्यामुळे एप्रिल त्यात जातो. मे महिन्यात कंत्राटदार सांगतो, माणसं गावी गेलीत. मग पुन्हा ११ जून.

पैशाचं म्हणाल तर नियम चोख आहे. दुरुस्ती निधीसाठी प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का वर्गणी काढावी, असं आदर्श उपविधी सांगतात. आता १९८८चा बांधकाम खर्च, तोही जागेची किंमत वगळून, एक लाख धरा. वर्षाला ७५० रुपये. तेवढ्यात गच्चीचा कोबा होत नाही, पण बादली चांगली येते आणि टबही येतो. कमिटीने निधीचा गैरवापर केला असं कुणी म्हणू शकणार नाही.

खरा तिढा पाणी कुणाचं हा आहे. उपविधींनी तो सोडवून ठेवलाय असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस आमच्या जिन्यात उभं राहावं. गच्चीतून झिरपलेलं पावसाचं पाणी संस्थेचं आणि न्हाणीघर, संडास, मोरी यांतून गळणारं पाणी सभासदाचं, अशी वाटणी आहे. पाण्याला ही वाटणी कुणी वाचून दाखवलेली नाही. ते गच्चीवर टाकीजवळच्या भेगेतून आत शिरतं, स्लॅबच्या पोटातून हिंडतं आणि भलत्याच खोलीत, बहुतेक कपाटामागे, उगवतं. काकूंच्या खाली तिसऱ्या मजल्यावर नाना राहतात. नानांचं म्हणणं, हे काकूंच्या बाथरूमचं पाणी. काकूंचं म्हणणं, पाणी गच्चीचंच. आम्ही फक्त वाट दिली. शिवाय त्यांच्या बाथरूममध्ये पाणी सांडतच नाही, सगळे पुसून घेतात.

शेवटी प्लंबरने शास्त्रीय मार्ग काढला. काकूंच्या बाथरूममध्ये निळं पाणी ओतून वाट बघितली. दोन दिवसांनी नानांच्या छताला हिरवट डाग आला. निळ्याचा हिरवा कसा झाला हे ठरवायला उपसमिती नेमली गेली आणि तिच्या पहिल्याच बैठकीत काकूंनी बाजू मांडली, "आमचा निळा होता. हा हिरवा कुणाचा, ते नानांनी शोधावं."

बाहेरच्या भिंतीला, पावसाच्या पाइपाच्या सांध्यात, एक पिंपळ आहे. त्याची मुळं भिंतीत शिरलीत, भिंत फुगलीय, आतलं लोखंड गंजलंय, आणि गंजलेलं लोखंड फुगून काँक्रीट फोडतं हे आम्हाला इंजिनिअरने स्ट्रक्चरल ऑडिटच्या वेळी समजावून सांगितलंय. तीस वर्षांवरच्या इमारतीचं हे ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं असतं. आम्ही करतो. दर अहवालात पिंपळाची उंची वाढलेली असते. पिंपळ कापायचं पाप कुणी घ्यायचं यावर मात्र कोटेशन मागवता येत नाही.

अशा वेळी एक सुज्ञ सभासद उठतो आणि म्हणतो, "पत्रा टाका." या दोन शब्दांत ठाणे जिल्ह्याची अर्धी वास्तुकला सामावलेली आहे. गच्ची गळते ना? तिच्यावर दुसरं छप्पर घाला. ते गळलं तर तेव्हाचं तेव्हा. आम्ही सर्वांत कमी दराचं कोटेशन मंजूर केलं. त्या दरात जिथे चार हुक हवेत तिथे दोन आले आणि डांबरी वायसर आलेच नाहीत.

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. कुलाब्याला वाऱ्याने ताशी शंभर किलोमीटर ओलांडले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि छपराला वारा नुसता रेटत नाही, वरून उपसतो. सगळ्यात जास्त कडांना आणि कोपऱ्यांना, म्हणजे नेमके जिथे आमचे हुक वाचवले होते तिथे. भारतीय मानकाप्रमाणे मुंबईसाठी धरायचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, ताशी सुमारे १५८ किलोमीटर आहे. तेव्हा तौक्ते आमच्या पत्र्यांशी तसं सौम्यच वागलं म्हणायचं. कंत्राटदाराचं मत वेगळं पडलं. "साहेब, गॅरंटी पावसाची होती. वाऱ्याचं बोलणं झालंच नव्हतं."

आमच्या खजिनदारांना हे सगळं पोरखेळ वाटतं, कारण त्यांचं गावचं घर श्रीवर्धन तालुक्यात आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ तिथेच किनाऱ्यावर चढलं. कौलं गेली, पडवीचे पत्रे गेले, सुपारीची वाडी आडवी झाली, वीज कितीतरी दिवस नव्हती. पूर्वी दर उन्हाळ्यात घर शाकारायचे. पावसात एखादं कौल सरकलं तर आतूनच काठीने ढकलून जागेवर बसवायचे. त्या काठीला ना सभा लागायची ना ठराव. निसर्गनंतर मात्र पंचनामा लागला. घर अंशतः पडलं असं धरायला किमान १५ टक्के पडझड हवी. छप्पर संपूर्ण गेलं, चारही भिंती उभ्या. मग घर किती टक्के पडलं? खजिनदारांचे धाकटे भाऊ पंचनामा करणाऱ्यांना म्हणाले, "भाऊसाहेब, आत उभे राहा आणि वर बघा." त्यांनी वर बघितलं. पाऊस डोळ्यांत गेला. टक्केवारी लगेच वाढली म्हणतात. राज्याने त्या वेळी मदतीचे दर वाढवले होते, हेही खरं. पण २०२२ साली ठरलेल्या केंद्राच्या निकषांत पक्क्या घराच्या अशा पडझडीला ६,५०० रुपये आहेत. आमच्या डोंबिवलीत तेवढ्यात कंत्राटदार गच्ची बघायला वर चढतो, आणि उतरण्याचे वेगळे सांगतो.

असो. तौक्तेत आमचे अकरा पत्रे उडाले. आठ आवारात सापडले, एक रिक्षा स्टँडवर आणि दोन मागच्या संस्थेच्या गच्चीवर. आम्ही त्यांना रीतसर लेखी कळवलं की सदर दोन पत्रे आमच्या मालकीचे असून परत करावेत. महिन्याभराने त्यांच्या लेटरहेडवर उत्तर आलं. आपले पत्रे आमच्या गच्चीच्या ज्या भागावर येऊन पडले, तिथेच आमची बारा वर्षांची गळती होती. त्यांवर विटा ठेवल्यापासून ती थांबली आहे. सबब पत्रे काढून नेल्यास होणाऱ्या गळतीची जबाबदारी आपल्या संस्थेवर राहील. सही, शिक्का, आणि खाली ताजा कलम: जिन्याकडचा कोपराही गळतो, आणखी तीन लागतील.