पेण आलं की उठवा

दिवा-रोहा गाडीत दोन जातींची माणसं झोपतात. पेणकर आणि रोहेकर. रोहेकराची झोप निर्धास्त, कारण रोह्याच्या पुढे ही गाडी जातच नाही. तिथून कोकण रेल्वे सुरू होते आणि आमच्या गाडीला तिच्याशी काही देणंघेणं नाही. फार तर झाडूवाला येऊन उठवेल. पेणकराला मात्र झोपेतही पहारा ठेवावा लागतो. हमरापूर गेलं आणि डोळा उघडला नाही, की थेट कासू, नागोठणे, निडी आणि मग आमचा पाहुणचार.

मी रोहेकर. त्यामुळे डब्यातल्या अर्ध्याअधिक पेणकरांना जागं करण्याचं अवैतनिक काम माझ्याकडे आलं आहे. सगळ्यात निर्धास्त झोपायचा हक्क ज्याचा, तो एकटा जागा आणि बाकीचे घोरताहेत, असा हा न्याय. मग मी त्यांच्या माना बघत बसतो. झोपलेला माणूस कुठवर पोचलाय हे मान सांगते.

पनवेल येईपर्यंतची झोप उथळ. हिच्यात माणूस मधेच दचकतो, पाय झटकतो आणि समोरच्याच्या पिशवीतली वांगी तुडवतो. वर विचारलं तर म्हणतो, ‘छे हो, झोपलो कुठे होतो? डोळे मिटले होते फक्त.’ तो खोटं बोलत नाही. या पायरीवर जागं केलं तर आपण झोपलो होतो हे पुष्कळांना खरंच पटत नाही. आमच्या घरी टीव्हीसमोर हाच खटला रोज चालतो.

आपटा-जित्याच्या सुमाराला गाढ झोप. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टराने माणसाच्या मेंदूतल्या विजेचा आलेख 1929 साली प्रसिद्ध केला. तसा आलेख या पेणकरांचा काढला तर मोठ्या, संथ लाटा दिसतील. नाडी मंदावलेली, रक्तदाब उतरलेला, अंगाचं तापमान थोडं खाली आलेलं. वाढीचं संप्रेरक याच वेळी जोरात सुटतं. म्हणजे बाहेरून निवांत दिसणाऱ्या या गृहस्थांच्या आत डागडुजी जोरात चालू असते. या वेळी उठवलं तर माणूस बसतो उठून, पण आपण कोण, कुठले, हे ठरवायला त्याला थोडा वेळ लागतो.

झोपेचा एक फेरा साधारण नव्वद मिनिटांचा. दिव्याला बसल्या बसल्या ज्याचा डोळा लागला, त्याचा फेरा पेणच्या आसपास पुरा होत आलेला असतो आणि नेमकी तेव्हाच स्वप्नांची झोप सुरू होते. हिचा शोध शिकागोत लागला. युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवल्या आणि त्याला झोपवलं. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरत होती. 1953 साली त्याने आणि त्याचे गुरू क्लाइटमन यांनी हे जाहीर केलं. पुढे फ्रान्समध्ये मिशेल झुव्हे यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं, की या झोपेत मानेचे स्नायू साफ सैल पडतात. स्वप्नात धावणारा माणूस खरोखर धावू नये म्हणून मेंदूच स्नायूंना कुलूप घालतो. झुव्हेंनी मांजराला पाण्याच्या मधोमध एवढ्याशा चौथऱ्यावर बसवलं. साध्या झोपेत ते तोल सांभाळून राहायचं, स्वप्न सुरू झालं की पाण्यात. आमच्या डब्यात चौथ्या सीटवर अर्ध्या बुडाने बसलेल्यांची हीच गत होते. आतल्या तिघांची मान शेजाऱ्याच्या खांद्यावर पडते, चौथा सरळ वाटेत.

माझे मेव्हणे पेणचे. गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला असतात. रंग आणायला मुंबईला गेले की परतीला याच गाडीत भेटतात आणि सीटला पाठ लागताच झोपतात. हमरापूरला त्यांना हलवलं, तर डोळे न उघडता मला म्हणाले, ‘भावोजी, पाय जपून टाका, पितांबर ओलं आहे.’ समोरच्या बाईंनी आपली साडी तपासली. स्वप्नाच्या वेळी मेंदूतला तारतम्य सांभाळणारा भाग सुस्त असतो आणि भावनांचा भाग जोरात, त्यामुळे असल्या वाक्यात काही चुकतंय हे बोलणाऱ्याला वाटतच नाही.

त्यांना दोष देत नाही. गणेशचतुर्थीच्या आधी पेण-हमरापुरात रात्री उरत नाहीत. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि ते साठलं की झोप अनावर होते. चहातलं कॅफीन त्याला घालवत नाही, फक्त त्याच्या जागेवर रुमाल टाकून ठेवतं. रुमाल उचलला की खरा मालक येऊन बसतोच. मग डोळ्यांची आखणी करताना, जिथे केसभर ब्रश हलला तर बाप्पा तिरळे व्हायचे, तिथे कारागिराला क्षणभराची डुलकी लागते. देवाचे डोळे उघडताना माणसाचे मिटतात. चहा चालूच असतो.

जागरणाचं आम्हालाही कौतुक आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा रोहं रात्रभर जागं असतं. पण बुडालेल्या झोपेचं कर्ज तासाला तास असं फेडावं लागत नाही. अमेरिकेतला रँडी गार्डनर हा सतरा वर्षांचा पोरगा 1963 च्या डिसेंबरअखेरीपासून 1964 च्या जानेवारीपर्यंत सलग 264 तास जागा राहिला आणि मग झोपला तो चौदा-पंधरा तासच. शरीर आधी गाढ झोप वसूल करतं. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांचं दुखणं मात्र निराळं. ते घरी निघतात तेव्हा सूर्य उगवतो, आणि डोळ्यांत उजेड शिरला की शरीराचं घड्याळ ‘उठा’ म्हणतं. त्यात शेजारी पोळ्या लाटत असतात.

मेव्हणे एकदा पेणला उठलेच नाहीत. आले आमच्याकडे मुक्कामाला, आणि गादी, उशी, पंखा सगळं देऊनही रात्रभर कूस बदलत राहिले. यालाही शास्त्र आहे. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांना 2016 साली आढळलं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा सावध झोपते. गाडीच्या बाकावर पूर्ण मेंदूने घोरणारा माणूस बहिणीच्या घरी पाऊण मेंदूने झोपला. आमच्या हिने मात्र सकाळी मलाच विचारलं, ‘दादाला उठवलं का नाही वेळेवर?’

म्हणून पेणकरांना एक विनंती. झोपलेल्या माणसाचे कान चालूच असतात, पण मेंदू निवडून ऐकतो. ब्रिटनमध्ये इयान ऑस्वाल्ड यांनी 1960 साली झोपलेल्यांना नावांची यादी ऐकवली, तेव्हा ती माणसं स्वतःच्या नावाला जास्त प्रतिसाद देत होती. मी ‘अहो काका’ म्हणून ओरडलो, तर रोह्याचे सगळे काका उठतात आणि पेणचा एकही नाही. तेव्हा झोपण्याआधी घरात हाक मारतात ते नाव मला सांगून ठेवा. ते बंड्या असलं तरी लाजू नका, हमरापूर सुटलं की मी मोठ्यानेच हाक मारणार आहे.