बोयावाले काका

ठाण्यात माजिवडा नाक्यावरच्या उड्डाणपुलांच्या गुंत्यात ज्या सोसायट्या उभ्या आहेत, त्यांतल्या बहुतेकींत एक बोयावाले काका सापडतात. मासेमारीवर ते तासभर बोलतील. घरी मासा आला तर तो बाजारातून, काकूंनी घासाघीस करून आणलेला.

वागळे इस्टेटमधल्या कुठल्याशा कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची हयात गेलेली असते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी शिकाऊ पोरांना रडवलेला माणूस. निवृत्तीनंतर व्हर्निअर कॅलिपर घरी येतो आणि घरात मोजण्याजोगं काही नसतं. पोळीची जाडी एकदा मोजून होते, त्यावरून दोन दिवस अबोलाही होतो. मग एखादा मित्र खाडीवरच्या कशेळीच्या पुलाकडे गळ टाकायला घेऊन जातो. मित्राचं लक्ष माशांकडे. काकांचं मात्र तंगुसावर डुगडुगणाऱ्या बाजारी बोयाकडे. ‘‘बॅलन्स आउट आहे याचा,’’ ते म्हणतात आणि तिथून घराला ओहोटी लागते.

तसं बोयाचं काम केवढंसं? गळ हव्या त्या खोलीवर धरून ठेवायचा आणि खाली कुणी आमिषाला तोंड लावलं की वर वर्दी द्यायची. खाली शिशाच्या गोळ्या इतक्याच लावायच्या की बोयाचा नुसता शेंडा पाण्यावर राहील. फार वर राहिला तर ओढताना माशाला जड लागतो आणि तो आमिष थुंकून चालू पडतो. काकांना हे एवढं पुरतं.

साहित्य घरातूनच गोळा होतं. खराट्याचा हीर, मोराच्या पिसाचा दांडा, औषधाच्या बाटलीचं बूच. पांगाऱ्याचं लाकूड हलकं. सावंतवाडीची खेळणी त्याचीच व्हायची, म्हणून गावाकडून येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला आंब्याआधी पांगारा आणायला सांगितलेला असतो. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा लोक मखरांसाठी हळहळले. काकांनी मात्र सोसायटीच्या अडगळीतली जुनी मखरं रातोरात वर नेली. शेंड्याला रंग सुनेच्या नेलपॉलिशचा. ‘‘लाल नको, संध्याकाळी काळा दिसतो. केशरी आण,’’ असं त्यांनी तिला सांगितलं तेव्हा सासऱ्यांना आपली हौस आहे असं वाटून ती बिचारी हरखली होती.

खरा प्रयोग न्हाणीघरात. वीस लिटरची बादली, त्यात बोया, आणि चिमट्याने एकेक शिशाची गोळी. गोड्या पाण्यात सगळं जमून येतं आणि कशेळीला तोच बोया मान वर काढतो, कारण समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड. दहा ग्रॅम पेलणाऱ्या बोयाला पाव ग्रॅम शिसं जास्त लागतं. आता समुद्राच्या लिटरभर पाण्यात मीठ साधारण पस्तीस ग्रॅम, म्हणजे बादलीला सातशे. काकूंच्या मिठाच्या डब्याचा तळ दिसायला लागला तो असा. शिवाय पावसाळ्यात उल्हास नदीचा लोंढा येऊन खाडी जवळजवळ गोडी होते, म्हणून आषाढाचे बोये वेगळे, वैशाखाचे वेगळे. पितृपक्षाचे कोणते, यावर अजून विचार चालू आहे.

गप्पांत ‘मानसोल्लास’ निघतोच. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने त्या ग्रंथात गळाच्या मासेमारीवरही लिहून ठेवलं आहे. ती कल्याणी म्हणजे कर्नाटकातलं बसवकल्याण. काकांचा सोमेश्वर मात्र आपल्या शेजारच्या कल्याणात, दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी, खाडीत गळ टाकून बसलेला असतो. आपण दुरुस्ती करायला जाऊ नये.

नदीवर जायचं ते टिटवाळ्याला. काकू महागणपतीच्या रांगेत, काका काळू नदीच्या काठी. मखमलीचं अस्तर लावलेली पेटी उघडतात, हवा बघतात, पाण्याचा वेग बघतात, बोया निवडतात, मग तो बदलतात. एकदा शेजारी एक पोरगा बसला होता. बांबूची काठी, कणकेची गोळी, आणि बोया म्हणून हवाई चपलेचा कातरलेला तुकडा. त्याने बघता बघता तिलापिया ओढायला सुरुवात केली. १९५२ साली परदेशातून भारतात आणलेला हा मासा कशालाही तोंड लावतो, असं काकांनी त्याला समजावलं. मग चपलेचा तुकडा मागून घेतला आणि कॅलिपरमध्ये धरला.

‘‘डावीकडे अर्धा मिलिमीटर जास्त आहे रे.’’

‘‘म्हणूनच लागतोय वाटतं, आजोबा,’’ पोरगा म्हणाला. पोराने ते बहुधा खरंच विचारलं होतं.

काकूंचं दर्शन आटोपलं तरी पेटीतल्या बोयांपैकी एकच ओला झाला होता.

परवा सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतला बोया तुटला आणि जिन्यातून पाणी वाहायला लागलं. प्लंबर फोन उचलेना. सेक्रेटरी धावत काकांच्या दारात. काकांनी शांतपणे चष्मा लावला, वही उघडली आणि विचारलं, ‘‘टाकीत पाणी महापालिकेचं की बोअरचं?’’

‘‘दोन्ही मिसळून. का हो?’’

‘‘मग प्रमाण काढावं लागेल,’’ काका म्हणाले. ‘‘आधी बादलीभर नमुना खाली पाठवा. तोवर वाहू दे.’’