टकटक करणारी डिस्क

पांढुर्ण्याला 2023 मध्ये जिल्ह्याचा दर्जा मिळाला. हार्ड डिस्कचे डॉक्टर मात्र त्याआधीपासून होते. मोबाईलची काच बदलणारा, लग्नाचं शूटिंग करणारा, झेरॉक्सवाला, तिघेही छातीठोक सांगतात, "डेटा? काढून देतो ना भाऊ!" सौंसरच्या संत्रा व्यापाऱ्याची हिशेबाची डिस्क टकटक करायला लागली की तो यांच्याच काउंटरवर येतो. पंखा गरगरतो, रस्त्याची धूळ आत येते आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन डॉक्टर विचारतात, "खोलून पाहू का?"

डिस्कच्या आत डेटा वाचणारं हेड तबकडीपासून मोजक्या नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड. पांढुर्ण्याच्या गोटमारीत, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेत, जाम नदीच्या पलीकडून येणारा दगड निदान दिसतो तरी. इथला धुळीचा कण दिसतही नाही आणि चुकवताही येत नाही.

"डेटा नाही, तर पैसे नाही," असं लिहिलेलं असतंच. तपासणी फी वेगळी, हे तोंडी सांगतात. आधी अख्ख्या डिस्कची नक्कल घेणार का, काढलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर ठेवणार का, हे विचारलं की डॉक्टरांना फोन येतो.

शेजारी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय सुचवतो. त्यापेक्षा जामसावळीच्या निजलेल्या मारुतीकडे न्यावी; तो स्क्रू तरी खोलत नाही. धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्या क्लीन रूमवाल्यांचा आकडा ऐकला की मात्र अर्ध्या गिऱ्हाइकांना एकदम आठवतं, त्या डिस्कमध्ये तसं काही महत्त्वाचं नव्हतंच.