साष्टीची डॉक्टरकी

आमच्या मुलुंडच्या साडूंचा मुलगा कॅरिबियनमधल्या कुठल्याशा बेटावर एमबीबीएससारखंच काहीतरी शिकायला गेला, तेव्हापासून साडूंच्या बोलण्याला खारा वारा लागलाय. "चारी बाजूंनी समुद्र! अभ्यासाशिवाय करणार काय पोरगं?" आमची कन्या बोरिवलीहून पार्ल्याच्या कूपर रुग्णालयात डॉक्टरकी शिकायला जाते. तिथून जुहूचा समुद्र जवळच, पण त्याला समुद्र कोण मानतो? भेळेची जागा ती.

मी एकदा सांगून टाकलं, "भाऊसाहेब, तुम्हीही जन्मभर बेटावरच राहताय. साष्टी बेट. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची."

"आणि ठाणं?"

"तेही याच बेटावर."

मुलुंडच्या माणसाला एवढा अपमान पुरतो. चेकनाक्याच्या अलीकडे, म्हणजे मुंबईत, राहण्यात त्यांची निम्मी प्रतिष्ठा गुंतलेली. पुढ्यातली बासुंदी तशीच राहिली.

तशी डॉक्टरकीसाठी पाणी ओलांडणं आमच्या बेटाला नवं नाही. 1845 साली भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. शेजारच्या जे.जे. रुग्णालयाला पैसा जमशेटजी जीजीभॉयांचा. त्याच सुमारास माहीमचा कॉजवे झाला, तो त्यांच्या पत्नी अवाबाईंच्या पैशाने. बाईंची अट एकच, टोल घ्यायचा नाही. (सागरी सेतू बांधताना अशी एखादी बाई भेटायला हवी होती.) उपनगरातली पोरं मग पिढ्यान् पिढ्या खाडी ओलांडून जे.जे., नायर, केईएमला जात राहिली. कूपरला महापालिकेचं कॉलेज निघालं ते थेट 2015 साली.

"तिकडे वादळं असतात हो," साडूंनी नवा मुद्दा काढला. खरं आहे. 2017 च्या मारिया वादळानंतर तेव्हा डॉमिनिकावर असलेल्या रॉस विद्यापीठाचे वर्ग काही काळ चक्क बोटीवर भरले होते. कन्येला त्याचं काहीच वाटलं नाही. "बोटीवर बसायला मिळतं ना?" तिचा शरीररचनेचा चौरसिया लेडीज डब्यात उभ्याने पाठ झालाय. फर्स्ट इयरला हाडांचा सेट घेऊन जाताना एकदा पिशवीतून मांडीचं हाड डोकावलं. कांदिवलीपर्यंत "कुठे उतरणार?" विचारणाऱ्या बायकांनी तिला चौथीच काय, तिसरी सीटही देऊन टाकली.

बाकी आमच्या बेटाचा खरा अभ्यासक्रम जूनमध्ये उघडतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यापुढे कुठल्याही बेटाने तोंड उघडू नये. पाणी तुंबतं, त्यात उंदरांची लघवी मिसळते, खरचटलेल्या पायातून लेप्टोचे जंतू शिरतात, आणि वॉर्ड भरतो. साडूंचा मुलगा हे पुस्तकात वाचणार. परत आला की त्याला 300 प्रश्नांची परीक्षा आहे, 150 गुण मिळाले तरच पुढे इथे प्रॅक्टिस.

गेल्या पावसात साडू स्वतः गुडघाभर पाण्यातून घरी गेले आणि रात्री फोन कॅरिबियनला न लावता बोरिवलीला लावला. कन्येने त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो: साचलेल्या पाण्यातून चालावं लागलंच, तर ताप येण्याची वाट पाहू नका. 72 तासांच्या आत डॉक्टरला दाखवा, गोळी त्यांच्याच सल्ल्याने घ्या.